गिटारच्या मानेवरची लाख

"ज्यानं हे केलं त्याचे हात मले पाहिजेत," असं म्हणून मनिरामनं कापडात गुंडाळलेली गिटार टेबलावर ठेवली.

लीलाधरनं आपला चहाचा कप घाईघाईनं बाजूला घेतला. पस्तीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या या गृहस्थाला पत्ता सांगितला की घर अचूक सापडे, पण घरात काय शिजतंय ते काही कळत नसे. ते कळायचं ओमेश्वरी बिसेनला. गोंदियात तिचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं आणि निवृत्तीनंतर लीलाधर तिथं कामाला कमी, चहाला जास्त येई.

"हात नंतर पाहू," ओमेश्वरी म्हणाली. "आधी गिटार दाखवा."

सालेकशाचा मनिराम लाखेचं पॉलिश करी. झाडीपट्टीतल्या कित्येक बाजाच्या पेट्या आणि तंबोरे त्याच्याच हातून चमकून गेलेले. गिटार होती ऑर्केस्ट्रावाल्या धनेंद्रची. रविवारी तिरोड्याच्या मंडईच्या जत्रेत तो ऐन गाण्यात असताना गिटारच्या मानेमागचं पॉलिश सोलून निघालं. पापुद्रा अंगठ्यात घुसला, रक्त आलं, गाणं थांबलं आणि लोकांनी शिट्ट्या मारून त्याला खाली उतरवलं.

"आज भर बाजारात त्यानं गिटार माझ्या अंगावर फेकली. तशीच कापडात बांधली अन् गाडीत बसून तुमच्याकडे आलो. सारं गाव म्हणून राहिलं, मनिरामची लाख सोलली. दोन गिऱ्हाइकांनी आपल्या पेट्या परत नेल्या."

ओमेश्वरीनं मान निरखली. अंगठा सरकतो तेवढ्याच जागेवरचा काचेसारखा थर निघाला होता. खाली तांबूस लाख जशीच्या तशी होती.

"सोललं ते माझं नव्हे बाई. लाख झिजते, सोलत नाही. पण माझं कोण ऐकून घेते?"

"तुम्ही काम कधी संपवलं?"

"मंडईआधीच्या सोमवारी. मंगळवारी पहाटे जंगलाकडच्या गावांत लाख घ्याले गेलो, तो शुक्रवारी परत आलो. मधात धनेंद्र येऊन गिटार घेऊन गेला."

दुसऱ्या दिवशी ओमेश्वरी आणि लीलाधर धनेंद्रला गाठायला निघाले. अंगठ्याला पट्टी बांधून तो फुरंगटून बसला होता.

"गुरुवारी त्याच्या घरच्या कारखान्यातून उचलली," तो म्हणाला. "आरशासारखी चमकत होती. एवढी चमक मनिरामनं कधी आणली नव्हती. मग गिटारच्या पेटीत कुलूप लावून ठेवली, किल्ली माझ्याच गळ्यात. मनिरामचं नाव पक्कं करा, मी साऱ्या झाडीपट्टीत त्याचं काम बंद करतो."

ऑर्केस्ट्रातला दुसरा गिटारवाला पुरनलाल मात्र हसून मोकळा झाला.

"त्याची जागा मले पाहिजेच होती, कायले लपवू? पण पेटीले हात नाही लावला. अन् त्याले दुश्मन काय मीच एकटा आहो? मार्चमध्ये त्यानं मनिरामच्या टीनाशी जमलेली सोयरीक मोडली. वरून स्टेजवर माइकमध्ये बोलला, लाख घोटणाऱ्याच्या पोरीच्या हाताचा वास सात पाण्यानं जात नाही. लोक पोट धरून हसले. पोरगी नागपूरले निघून गेली, दवाखान्यात नोकरी करते, अजून परतली नाही."

"आणि तरी मनिरामनं त्याचं काम घेतलं?" लीलाधरनं विचारलं.

"काम ते काम म्हणे."

सडक अर्जुनीला दुधरामचं ट्रक रंगवायचं दुकान होतं. त्यानं निघालेला पापुद्रा नखानं मोडून पाहिला.

"हे आमचं ट्रकवरचं क्लिअर होय, रंगावर चमक आणाले मारतो ते. लाखेवर धरत नाही हे. लाखेत मेण असते ना, लाकूड खरवडल्याशिवाय लावलं का सोललंच समजा. आता तुम्ही विचारून राहिल्या म्हणून सांगतो, मंडईच्या आधी मनिरामदादाच्या घरी एक डबा पाठवला होता, बस कंडक्टरच्या हाती. अलमारीले लावतो असा निरोप होता."

लीलाधरनं मांडीवर थाप मारली. "झालं! मनिरामनंच सूड घेतला आणि आता साव बनून आपल्याकडे आला."

"भाऊ, एवढी घाई कराल तर पत्र चुकीच्या दारात पडेल," ओमेश्वरी म्हणाली.

मनिरामच्या घरी पोचेपर्यंत दुपार झाली. लीलाधर नेहमीप्रमाणे मिळेल त्या गोष्टीला टेकला आणि कोपऱ्यातल्या जुन्या लोखंडी अलमारीचा गंज त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागला. मनिरामची बायको शामकला चहा घेऊन आली. चेहरा शांत होता, पण डोळे कोणाकडे टिकत नव्हते.

"तुम्ही पॉलिशच्या कामात हात लावता का?" ओमेश्वरीनं विचारलं.

"मले काय समजते त्यातलं? मी चहा करते, भात रांधते."

ओमेश्वरीनं मान डोलावली. कापडातली गिटार तशीच मांडीवर घेऊन ती मनिरामला म्हणाली, "थोडं स्पिरिट आणा. ही मान पुसून काढू."

"स्पिरिट नका लावू, लाख विरघळते," शामकला पटकन म्हणाली. "वरचा पापुद्रा गेला तर गेला, खालची लाख तरी राहू द्या."

ओमेश्वरीनं कप खाली ठेवला. "लीलाधरभाऊ, दार लोटून घ्या."

मनिराम गोंधळून उभा राहिला.

"गुरुवारी धनेंद्रनं गिटार उचलली तेव्हाच तिच्यावर नको तेवढी चमक होती," ओमेश्वरी बोलू लागली. "म्हणजे क्लिअर त्याच्या आधी, याच घरात लागलं. पुरनलाल सुटला. मनिरामभाऊ मंगळवारपासून जंगलात, टीना नागपुरात. डबा अलमारीसाठी मागवला, पण अलमारीचा गंज तर लीलाधरभाऊंच्या पाठीवर आहे."

लीलाधरनं मान वळवून पाठ पाहायचा प्रयत्न केला.

"मग राहिल्या शामकलाबाई. यांना त्यातलं काही समजत नाही. गिटार बाजारातून थेट माझ्याकडे आली, इथं कापड उघडलंच नाही. सारं गाव म्हणतं लाख सोलली. खालची लाख शाबूत आहे हे यांना कुठून कळलं? बरं, धंद्याच्या जाणकारीनं ताडलं किंवा नवऱ्याकडून ऐकलं म्हणावं, तर निष्पाप बाई हेच वाक्य गल्लीभर सांगत फिरली असती, नवऱ्याचं नाव वाचवायला. या मात्र गप्प राहिल्या."

मनिराम बायकोकडे वळला. "टीनाची माय?"

"हो, मीच लावलं," शामकला म्हणाली. आवाज जराही हलला नाही. "पंचवीस वर्षं तुमच्या बाजूले बसून पाहून राहिली, एवढंही येणार नाही का? माझी पोरगी तोंड लपवून गेली अन् तुम्ही त्याच हलकटाची गिटार मांडीवर घेऊन घोटून राहिले. त्यालेही चार लोकांनी हसावं म्हटलं."

"अन् माझं नाव?"

इथं मात्र तिचा आवाज फुटला. "वाटलं, लाख सोलत नाही हे साऱ्यांले माहीत आहे. लोक म्हणतील, धनेंद्रनंच वरून काही फासलं. आपल्या घरात जे शेंबड्या पोराले समजते ते गावाले समजत नाही, हे मले काय ठाऊक?"

बाहेर मोटरसायकल थांबली. तपास कुठवर आला ते ऐकायला धनेंद्र दोन मित्रांना घेऊन आला होता. अंगणातूनच त्यानं हाक मारली, "बाई, नाव सांगा."

"नाव मी तुमच्या हवाली केलं," ओमेश्वरी मनिरामला हळूच म्हणाली. "बाहेर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

मनिरामनं बायकोच्या हातांकडे पाहिलं. मग गिटार घेऊन अंगणात गेला आणि कापड सोडून त्यानं मान सगळ्यांसमोर धरली.

"ही लाख माझी. पाहून घ्या, कुठं तडा नाही. अन् वरचं क्लिअरही मीच लावलं. माझ्या पोरीले तू माइकवर हसला तेव्हा मी मूग गिळून बसलो होतो. त्याचं हे उत्तर समज."

"पण ते तर मंगळवारी..." लीलाधर बोलायला गेला. ओमेश्वरीचं कोपर बरगडीत बसलं तसा तो थांबला.

"आता तुझ्या दारात कोणी वाद्य आणणार नाही," धनेंद्र दात खात म्हणाला.

"नको आणू."

उंबऱ्यातून शामकला बाहेर आली आणि नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली.

"एकट्यानं नाही. दोघांनी लावलं," ती म्हणाली. "तुझ्या अंगठ्याची पट्टी आठ दिवसांत सुटेल. माझी पोरगी आठ महिने झाले, घरी आली नाही."

धनेंद्रनं मनिरामच्या हातातून गिटार ओढून घेतली आणि तो फाटकाबाहेर पडला.