चौथा दांडा

खोटं सांगत आसंन तर माझे उरलेले दोन दात आजच पडू द्या. हाशिम मिस्त्रीनं आमच्या वट्ट्यावर बसून सांगितलेलं हाय हे.

गाव मंठ्याच्या पल्याड. मे महिना. टाइम भर दुपारचा.

काळी माती पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात आकसती अन् भिंती उकलतात. तुळजाबाईची भिंत अशीच तिच्या खाटंवर पडली. बाई चुलीपाशी होती म्हणून वाचली. आता ती दुसरं घर पाईलवर बांधून राह्यल्ती. म्हंजे गिरमिटानं मुरूम लागेस्तोवर खोल भोकं पाडायची, त्यात लोखंड अन् काँक्रीट भरायचं. मंग घर मातीवर न्हाई, मुरमावर उभं.

गिरमिटाला चार दांडे. चार माणसं धरून बैलासारखी गोल फिरतात.

हाशिमचा चौथा गडी पुंजाराम. मुरूम लागल्याबिगर दांडा सोडायचा न्हाई असला चिवट माणूस. दिवाळीत वारला. तवापासून तिघंच... हाशिम, रशीद, भागवत.

शेवटचं भोक. बारा फूट झाले, तरी काळी मातीच.

हाशिमची कंबर गेल्ती.

"भाई, बस करा," भागवत म्हणला. "मुरूम काय आपली वाट बघत बसलाय का खाली?"

तेवढ्यात तुळजाबाई पाण्याची कळशी घेऊन आली. "हाशिमभाई, लागला का मुरूम?"

"लागला की. बिलकुल लागला."

"मंग झोपीन बाबा आता निवांत."

हाशिमनं मान खाली घातली.

ती गेली. तिघं लिंबाखाली आडवे झाले.

अन् मंग...

घर्रर... घर्रर...

रशीद उठला आसंन, हाशिमला वाटलं. पण रशीद बाजूलाच घोरून राह्यल्ता. भागवतबी.

वारा न्हाई. लिंबाचं पान हालत न्हाई.

गिरमिट फिरत होतं... एकटंच. दमलेल्या माणसागत, हळूहळू.

हाशिम जवळ गेला. भोकाभवती मोकळी माती. त्या मातीत पाय उमटत होते... एकेक. डाव्या पायाला चारच बोटं.

पुंजारामचं पाचवं बोट कुदळीनं गेल्तं.

"अरे बाबा," हाशिम म्हणला, "मेल्यावर तरी बस की रं."

गिरमिट थांबलं.

एक दांडा बराबर हाशिमच्या हातापाशी.

त्यानं धरला. काय करतो?

रशीद-भागवत उठले तवा हाशिम एकटाच चौघांचं गिरमिट फिरवीत होता. वर काढलं... तर पात्याला पांढरा मुरूम!

हाशिम तसाच तुळजाबाईकडं गेला. "बाई, मघाशी खोटं बोललो. आत्ता लागला."

"ठावं होतं मला," ती म्हणली. "तोंडावरून दिसून राह्यल्तं तुझ्या. पण मीबी दमल्ये रे."

एवढ्यावर मिटलं असतं.

पण त्याच्या आधी, माघात, वडीगोद्रीला एका घराची सहा भोकं हाशिमनं अशीच 'लागला' म्हणून भरून टाकल्ती. परवा त्या घरची बाई त्याला बाजारात भेटली.

"घर चांगलंय, भाई. पण दुपारी पाठ टेकली की फरशीखाली काय तरी फिरतं बघा... मधीच थांबतं. दम खाल्ल्यागत. परत सुरू."

हे सांगून हाशिमनं मला इचारलं,

"आजी, वर काँक्रीट हाय. धरायला दांडा न्हाई. आता त्याला बस कर म्हणून कुठून सांगू?"