झुंबरबाईचा आभाळातला देव

एकाहत्तर सालच्या मार्चात संशोधक बन्सी कर्जतला उतरला, तो फक्त एक पेटी परत न्यायला. काम सोपं, पण नशीब बघा! हैदराबादहून फुग्याला बांधून आभाळात सोडलेली ती पेटी बारा दिवसांपूर्वी इथल्या झुंबरबाईच्या ज्वारीत पडली होती. क्वेसार नावाचं एक तेज असतं, कल्पनेपलीकडं दूर. त्याची क्ष-किरणं वेळेगणिक कमीजास्त होतात का, ते पेटीतल्या कागदी पट्टीवर उमटणार होतं. पट्टी गेली की बन्सीची तीन वर्षं पाण्यात.

आणि झुंबरबाईनं त्या पेटीचा चक्क देव केला होता! घराच्या कोपऱ्यात शेंदूर फासून, वर नारळ ठेवून. डुगडुगू नये म्हणून रुंद बाजू खाली. म्हणजे किरणं टिपायचं तोंडच नेमकं जमिनीत.

"अहो मावशी, हे यंत्र आहे, यंत्र!" बन्सीनं कपाळावर हात मारून घेतला.

"आसंल की. पन आभाळातनं आलंय. आन् बोलतंय."

"बोलतंय कसलं? बॅटरी कधीच संपली असेल."

"बॅटरी व्हय? ती सूर्यभान भावजींनी पैल्याच दिशी काढून रेडिओला लावली."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! बन्सी चरफडत पेटीपाशी बसला, आणि तसाच थिजला. भर दुपारी, गोवऱ्यांच्या धुरकट वासात, पेटीतून आवाज येत होता. टक्... टक् टक्...

त्यानं झाकण उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. पेन मात्र रेघ ओढत होतं. पट्टीवर बारा दिवसांचे बारा चढ, प्रत्येक आदल्यापेक्षा उंच. अरे, ती किरणं जमिनीपर्यंत येतच नाहीत, वाटेत हवाच गिळते. फुग्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच तर होता!

त्यानं पेटी उचलून तोंड आभाळाकडं केलं. चिडीचूप. पुन्हा जमिनीकडं केलं. टक्टक्टक्टक्...

"मावशी... या घराखाली काय आहे?"

"काय न्हाई, बाबा. मुरूम हाय."

त्यानं पेटी पोत्यात कोंबली. पट्टी मिळाली होती, आता गुमान निघायचं. झुंबरबाईनं अडवलं नाही. नुसती उंबऱ्याशी उभी राहिली.

"न्या की, तुमचीच हाय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पन मग... ते कुठवर वर आलंय, हे आमाला कसं कळायचं?"