गाणीकाठची झाडलेली माती

ए मोरू, बॅटरी विझव आधी! भुताची गोष्ट पाहिजे आणि उजेडही पाहिजे, वा रे वा. आता गप ऐका. धर्मा माझ्या मावशीचा नवरा. खोटं बोलणारा माणूस नव्हे.

आगरदांड्याच्या वरल्या अंगाला जुन्या संस्थानाचं शिकारीचं रान. संस्थान गेलं, शिकार बंद झाली, आणि फॉरेस्टवाले तिथली जनावरं मोजायला लागले. धर्मा त्यांचा वॉचर. संध्याकाळी गाणीवर, म्हणजे रानातल्या पाणवठ्यावर जायचं, काठची ओली माती झाडून सपाट करायची. सकाळी उमटलेली पावलं बघून कोण पाणी पिऊन गेलं ते लिहून ठेवायचं.

त्या झाडण्यानंच त्याचा घात केला. अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात त्याची सात वर्षांची ठमी बापाला भाकर द्यायला गाणीवर गेली. चुकामूक झाली. धर्मा दुसऱ्या वाटेनं, तिच्या मागाहून गाणीवर आला आणि रोजच्या सवयीनं माती झाडून मोकळा झाला. घरी पोचला तर मावशी विचारते, "अवो, ठमी कुठं हाय?" पोर कुठल्या बाजूला गेली हे सांगणारी पावलं त्यानंच पुसून टाकली होती. आठ दिवस गावानं रान पिंजून काढलं. चिंधीसुद्धा मिळाली नाही. मावशी पुढं वर्षभर एकच बोलायची, "वाईच बघून तरी झाडायचं व्हतं."

मग आली एकोणसाठ सालची वैशाखी पौर्णिमा. शुक्रवार. गणतीची रात्र, चांदण्यात रातभर बसून जनावरं मोजायची. त्या गाणीवर बसायला कुणी तयार होईना. धर्मा म्हणाला, "मी बसतो. पोर तिथंच कुठंतरी हाय माझी."

त्यानं माती झाडली आणि दिवस असतानाच मचाणावर चढला. उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही, असा नियमच होता.

दीडच्या सुमाराला सांबरं आली. पाच. मग भेकर. मग रानडुकरं, पिलांसकट. सगळी पाणी प्यायली. पण परत कुणीच गेलं नाही.

काठावर गोल उभी राहिली. माना खाली. मधे काहीच नव्हतं. नुसतं चांदणं.

भेकरानं एक पाय पुढं टाकला... आणि हळूच मागं घेतला. निजलेल्या पोराला आपण ओलांडत नाही, तसा.

रातकिडे थांबले. धर्मा मचाणावरून खाली वाकला.

"ठमे...?"

सगळ्या माना वर झाल्या. त्याच्याकडे.

खालून श्वास ऐकू येत होता. लहानसा. झोपेतला.

त्यानं शिडीवर एक पाय ठेवला. आणखी एक पायरी...

नाही. पाय वर घेतला. बाप होता रे तो. पण घाबरला.

जनावरं कधी गेली ते कळलंच नाही. फटफटलं तसा तो उतरला. सगळा काठ खुरांनी तुडवलेला. मधली अडीच हात जागा तेवढी कोरी. एकही खूर नाही तिथं.

त्यानं हात टेकला. भोवतालचा चिखल गार. ही जागा उबदार होती. नुकतंच कुणी अंथरुणातून उठावं, तशी.

"उतरलो न्हाय गं मी... ठमे, उतरलो न्हाय."

धर्मा तिथंच बसून राहिला, तळहात दाबून. ऊन गाणीवर यायच्या आत माती त्याच्या हाताखाली गार झाली.