परास्काच्या घरची चूल

आमची गाडी चिखलात रुतली, तेव्हा तिच्या पोटात पिठाची पोती, तेलाचे डबे आणि लहान मुलांचे कोट होते. आणि पुढे मी उभी... घोट्यापर्यंत चिखलात, हातात एक बूट. पाऊस बारीक भुरभुरत होता. आमच्या मोल्डोव्हात ऑक्टोबरचा रस्ता म्हणजे सैल भिजवलेली कणीकच.

मागून एक घोडागाडी आली. हाकणाऱ्याने लगाम ओढला, माझ्याकडे पाहिलं, मग बुटाकडे.

"विकायचाय का? एकच दिसतोय म्हणून विचारतो."

"मदत करणार असाल तर उतरा. नाहीतर जा पुढे, वाट मोकळी आहे."

"मोकळी कुठे? तुम्ही उभ्या आहात की मधोमध."

त्याच्या घोड्याने गाडी ओढून काढली. त्याचं नाव नेकुलाय. चुली बांधणाऱ्या आन्टोनचा मुलगा. इटलीत गवंडीकाम करायचा. वडील वारले म्हणून घर विकायला आला होता. रविवारच्या बसने परत जाणार होता.

"वडिलांचं काम येतं तुम्हाला?" मी विचारलं.

"येतं. का?"

मला परास्का आठवली होती. मी ज्या संस्थेत आहे, ती अडलेल्या घरांना शिधा, कपडे, औषधं पोचवते. पण परास्काचं शिध्याने भागणार नव्हतं. नवरा गेला, त्याच उन्हाळ्यात तिच्या घराची भिंत खचली आणि भिंतीबरोबर चूलही गेली. आमच्याकडची चूल म्हणजे विटांची मोठी भट्टीच; तिनेच घर तापतं आणि तिच्या रुंद, उबदार पाठीवर मुलं झोपतात. थंडीत तिच्या दोन लहान मुली राहणार कशा, म्हणून तालुक्याच्या बालकल्याण खात्यातल्या बाईंनी दोघींना सरकारी वसतिगृहात नेलं. सोमवारी बाई पुन्हा घर पाहायला येणार होत्या. घर उबदार असेल तर मुली परत मिळणार, नसेल तर सगळा हिवाळा तिकडेच. भिंत आम्ही उभी केली होती. चूल बांधणारे हात मात्र सगळे परदेशात.

"मी रविवारी जातोय," सगळं ऐकून तो म्हणाला.

"मग शनिवारी संपवा."

तो हसला. "आणि मला काय मिळणार?"

"दोन वेळची मामालिगा, मक्याच्या पिठाची, गरमागरम. वर चीज किसून."

"हाताखाली कोण?"

"मी."

माती, भुसा आणि घोड्याची लीद खड्ड्यात कालवून पायांनी तुडवायची असते. मी स्कर्ट खोचून उतरले. माती गार होती, पायांना मुंग्या आल्या.

"हळू, व्हियोरिकाबाई. माती मळताय, भांडत नाही आहात कुणाशी."

"तुम्ही विटांकडे बघा."

"बघतोय की."

"विटा तिकडे आहेत."

एकेक वीट हातात देणारी परास्का खुदकन हसली. तिला हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "चुलीची पाठ जरा रुंद बांध, भाऊ. दोघी वर शेजारी झोपतात. धाकटी लाथा मारते."

त्याने रचलेली ओळ उतरवली आणि रुंद धरून पुन्हा रचली. मी तुडवायची थांबले. त्याच्याकडे बघत राहिले... बहुतेक जरा जास्तच वेळ.

शनिवारी जाळ घातला. सगळा धूर उलटा घरात. आम्ही खोकत अंगणात आलो. परास्का उंबऱ्यावर बसली आणि तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं.

"आतलं वळण चुकलं माझं," नेकुलाय म्हणाला. "वरचा भाग पाडावा लागेल."

रविवारी सकाळी मी एकटीच चिखल मळायच्या तयारीने गेले. तो छपरावर होता, कोपरापर्यंत काजळीने माखलेला.

"तुमची बस गेली," मी खालून म्हटलं.

"ऐकली. हॉर्न वाजवत गेली."

सोमवारी तालुक्याच्या बाई आल्या. हातमोजा काढून त्यांनी चुलीवर तळवा ठेवला... आणि बराच वेळ काढलाच नाही. "बाहेर फार गारठा आहे हो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुली घरी आल्या. थोरली आईला बिलगली. धाकटी सरळ चुलीच्या पाठीवर चढली आणि वरून तिने विचारलं, "ही आपलीच?"

मला तिथे उभं राहवेना. मी अंगणात आले. नेकुलाय मागोमाग आला.

"पुढचा रविवार येईल आता," तो म्हणाला.

"येतोच तो."

"आणि तू काहीच म्हणणार नाहीस."

त्याने मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.

"काय म्हणू?"

"'थांब' म्हण ना एकदा."

"नाही म्हणणार. आई म्हाताऱ्यांची सेवा करायला इटलीला जायची. दर वेळी बसपाशी तिचा कोट धरून मी हेच म्हणायचे. ती रडायची... आणि बसमध्ये चढायची. त्यानंतर कुणालाच म्हटलं नाही मी."

तो बोटांवरची वाळलेली माती खरवडत राहिला.

"बरं. तू नको म्हणूस," तो म्हणाला. "मीच विचारतो. थांबू का?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तरी या गावात ढासळलेल्या चुली पुष्कळ आहेत. रोज दिसेन तुला. वैताग येईल."

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. त्याचे मातकट हात मी हातात घेतले.

"थांब," मी म्हटलं.

आणि तो थांबला.