काचेवरून खरवडलेलं घर

पाठ धरलीय माझी, नीट बसवत नाही, तरी सांगा म्हणून मागे लागलाय. ऐका मग, आणि मध्ये तोंड घालू नका.

ताईचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, घर तळ्याच्या अगदी काठाला. ती हॉटेलच्या चादरी धुवायची, दाजी घोडागाडीतून पाहुणे आणायचे. पाहुणे तरी कसले, महिन्याला चार टाळकी.

मग फोटोवाला आला. तिवईवर पेटी ठेवली, डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि ताईला म्हणाला, "बाई, चूल विझवा. धूर हलतो."

"मग स्वयंपाक कुठे करू, तुमच्या पेटीत?"

तो हसला नाही. हॉटेलवाल्याला तळं हवं होतं, पण माणसाचा मागमूस नसलेलं. म्हणून यानं फोटोच्या काचेवरून ताईचं घर खरवडून काढलं, तिथे झाडी रंगवली आणि कार्डं छापली.

कार्डं अशी खपली की गाड्यांची रांग लागली. लोक एका हातात कार्ड धरायचे, तळ्याकडे बघायचे, दोन्ही जुळलं की खूश. ताईला आधी मजा वाटली. मग एक दिवस एक कुटुंब सरळ तिच्या अंगणात शिरलं. दोरीवरच्या ओल्या चादरींतून आरपार गेलं. एकही चादर हलली नाही.

"काय हो, घर दिसत नाही का?" ताईनं विचारलं.

त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, "किती शांत आहे ना इथे."

ताईनं आत जाऊन दार लावून घेतलं. पण दाजींना तरी ती दिसत होती ना. पण गाडीतल्या पाहुण्यांना कार्डं विकायचे ते दाजीच. दिवसभर तेच चित्र डोळ्यांपुढे. माणसाला वाटतं तो डोळ्यांनी बघतो. तो आधी दाखवलेलंच बघतो.

एका संध्याकाळी घोडं सवयीनं अंगणात थांबलं. ताई दारात दिवा घेऊन उभी. दाजींनी लगाम हिसकला. "इथे काय थांबतोस? काय आहे इथे?"

"अहो..."

घोड्यानं मान वळवली. दाजींनी नाही.

अंधार पडेपर्यंत ते काठावर तिला हाका मारत फिरले. ती प्रत्येक हाकेला ओ देत होती, त्यांची बाही धरून. शेवटी ते माझ्याकडे आले, गचांडी धरली. "बहिणीला कुठे लपवलंस?" चार लोकांदेखत मला थोबाडलं.

मी ते कार्ड आजवर बघितलेलं नाही. मला घर दिसतं. मी म्हातारा झालो, तिचे केस अजून काळे. चादरी अजून ओल्याच. "हे कसे आहेत?" एवढंच विचारते.

गेल्या महिन्यात नवा फोटोवाला आला. त्यानं वरच्या वळणासकट तळं घेतलं. वळणावर माझं घर आहे. काल दुकानदाराकडे मीठ मागितलं, तर तो माझ्यातून पलीकडे रस्ता बघत जांभया देत बसला. तीनदा मागितलं...

थोबाडीत मारल्याची माफी अजून राहिलीय. मी दिसतोय तोवर मागून टाकावी दाजींनी.