शांत नाडीचा पुरावा

फाटकावरच्या काचेला मनगट लावलं, की सूतगिरणीचं दार उघडायचं. मनगटावरचा नाडीपट्टा हृदयाचे ठोके मोजायचा आणि तो घातलेली बाई गिरणीत कुठे आहे, तेही नोंदवायचा. दोन वर्षांपूर्वी उकाड्याने एक कामगार बाई यंत्राजवळच कोसळून मरण पावली. त्यानंतर गिरणीतच काम करणाऱ्या, युनियनच्या चिटणीस कुसुम माळगे यांनी भांडून हे पट्टे मिळवले होते. प्रत्येकीच्या नोंदींवर तिचाच हक्क राहील, हे कलमही त्यांनीच करारात घालून घेतलं होतं.

बावीस वर्षांच्या तेजल कांबरेने जॉबर दत्ताजीविरुद्ध तक्रार केली. बायकांना यंत्रं नेमून देणाऱ्या या माणसाने तिला कापसाच्या गोदामात अडवून अंगाला हात लावला होता. तक्रार समितीत कामगारांच्या बाजूने कुसुमताई बसल्या होत्या. पुरावा म्हणून तेजलनेच सही करून दिलेल्या नोंदीचा आलेख गिरणीच्या तज्ज्ञाने पडद्यावर दाखवला. ती गोदामात होती त्या सात मिनिटांत तिची नाडी चौऱ्याहत्तरवरून अठ्ठावन्नवर उतरली होती.

"घाबरलेल्या माणसाची नाडी धावते," तो म्हणाला. "ही तर निवांत होती."

"मला हलताच आलं नाही," तेजल म्हणाली.

तक्रार फेटाळली गेली. कुसुमताई काहीच बोलल्या नाहीत. आकड्यांपुढे काय बोलणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पोरगी राजीखुशीने गेली होती, हे आठवड्यात गावभर झालं. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. नोकरी सोडून ती निपाणीला मावशीकडे गेली.

कुसुमताईंना चैन पडेना. त्या कामगार दवाखान्यातल्या डॉक्टर निशात मोमीन यांना भेटल्या.

"कुत्र्यांनी घेरलेला ससा पाहिलाय का?" डॉक्टरांनी विचारलं. "पळायला वाट उरली नाही, की तो निपचित पडतो. त्याच्या काळजाचे ठोके मंद होतात. माणसाचंही तसं होऊ शकतं. पण तुमच्या पट्ट्याला फक्त धावणारी भीती ओळखायला शिकवलंय."

कुसुमताई घरोघर फिरल्या. एक्केचाळीस बायकांनी आपापल्या नोंदी सही करून दिल्या. डॉक्टरांनी त्या एकत्र मांडल्या. सव्वीस जणींची नाडी त्याच गोदामात, दत्ताजीच्याच पाळीत, तशीच अचानक खाली गेली होती.

त्यांतली एक नोंद कुसुमताईंची होती, तेजलच्या तक्रारीच्याही आधीची. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि मान वर केली. कुसुमताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला बायकांनी पट्टे काढून कचेरीसमोर ढीग घातला आणि त्या तिथेच बसल्या. गिरणी तीन दिवस बंद राहिली. चौथ्या दिवशी मालकांनी फेरचौकशी मान्य केली. महिन्याभरात दत्ताजीला काढून टाकलं आणि तेजलला कामावर परत बोलावण्याचं पत्र निघालं.

ते पत्र घेऊन कुसुमताई स्वतः निपाणीला गेल्या. तेजल शिवणयंत्रावर बसली होती. ती वाळली होती. कुसुमताईंनी तिला सगळं सांगितलं, आणि स्वतःच्या नोंदीचंही सांगितलं. ती गोष्ट त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होती.

तेजलने पत्र दोनदा वाचून बाजूला ठेवलं.

"पट्ट्याला ठाऊक नव्हतं," ती हळूच म्हणाली. "पण समितीत मी सांगत होते तेव्हा, ताई, तुम्हाला तर ठाऊक होतं ना?"