काचेकडे तोंड केलेली खुर्ची

जेवणं आटोपली, अंथरुणं पडली आणि भाचरांनी मामांना घेरलं.

"मी स्वतः काही बघितलेलं नाही," मामा म्हणाले. "माझा एक दोस्त आहे, पुस्तकबांधणीवाला. त्याच्या बायकोनं मला हे सांगितलं. ती थापा मारणाऱ्यांतली नाही. लायब्ररीत आहे. हरवलेलं पुस्तक सापडेपर्यंत तिला झोप लागत नाही."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीनं दोघांना परदेशात धाडलं होतं. मार्चचा दुसरा गुरुवार, मुक्कामाची शेवटची रात्र. लायब्ररीवाल्या बाईंनी एकच हट्ट धरला होता: आज उंचावर बसून, सगळं शहर बघत जेवायचं. दुपारभर पलंगावर आडव्या पडून त्या फोनवर हॉटेलं चाळत होत्या. एकाचा फोटो छान, पण मजला चौथाच. दुसरं उंच, पण समोर बांधकाम.

"खाली कोपऱ्यावर सूप मिळतं," नवरा म्हणाला.

"तुम्हाला भिंतीकडे तोंड करून जेवायची सवय आहे. मला नाही."

"भूक लागली की कुठूनही एकच शहर दिसतं, बाई."

"गप्प बसा हो. हे बघा, एकविसावा मजला. शंभर जणांनी लिहिलंय, नजारा विसरता येत नाही."

"मामा, म्हणजे रिव्ह्यू चांगले होते की," धाकटी भाची म्हणाली.

"तिलाही तसंच वाटलं," मामा म्हणाले.

सव्वाआठला दोघं वर पोचले. भिंतभर काच, काचेबाहेर दिव्यांचा समुद्र. आणि हॉल भरून लोक बसलेले... सगळे काचेकडे पाठ करून. बाईंना हसूच आलं. इतकं सुंदर दिसतंय आणि ही माणसं आमटीत बघतायत! म्हणजे, आमटी असेल नसेल, वाटीत बघतायत.

काचेजवळ एकच टेबल. दोन खुर्च्या, दोन्हींचं तोंड बाहेर. रिकाम्या.

"ती जागा आम्ही देत नाही," वेटर म्हणाला.

"का? कुणी यायचंय?"

त्यानं आतल्या बाजूचं टेबल दाखवलं.

मग बाईंनी जन्मभर एसटीत आणि लग्नाच्या पंगतीत जे केलं तेच तिथं केलं. नवऱ्याच्या खिशातला रुमाल ओढला आणि खुर्चीवर टाकला. "धरली जागा!"

वेटरचा चेहरा उतरला. रुमालाकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला. "कुणाचा आहे हा?"

"यांचा."

"साहेब, तुम्ही स्वतः उचला. कृपा करून."

पण लोक माना वळवायला लागले होते. चारचौघांत तमाशा नको म्हणून बांधणीवाला मुकाट्यानं रुमालावरच बसला. बाई शेजारी बसल्या. जग जिंकल्यासारख्या.

"बघा, काय दिसतंय!"

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आपलं घर दिसतंय."

"चष्मा पुसा."

"तिसरा मजला. गॅलरीतला दिवा लागलाय. तू बंद केला होतास ना?"

"अहो..."

"कुणीतरी उभं आहे."

बाईंनी काचेला नाक लावलं. परके रस्ते. परक्या गाड्या. दुसरं काही नाही.

"कोण आहे?"

"...मीच."

बाईंनी त्याचा दंड धरला. दगड. ओढून बघितला. हलेना.

"हात करतोय," तो म्हणाला.

"कसा? ये म्हणून, की येऊ नको म्हणून?"



बाईंनी वेटरला हाक मारली. तो पाठ करून उभा. पलीकडच्या बाईंना हाक मारली. त्यांनी मान आणखी खाली घातली. हॉलभर चमच्यांचा आवाज. कुणी येईना. त्यांनी नवऱ्याचे गाल धरून तोंड वळवायला बघितलं. वळेना. मग नुसत्याच बसून राहिल्या, त्याचा हात धरून. पावणेनऊ. नऊ. सव्वानऊ...

मग तो आपणहून वळला. हसला.

"चला," म्हणाला. "घरी वाट बघत असतील."

"कोण?"

तो हसतच राहिला. वर्षाकाठी दोनदा हसणारा माणूस. विमानातही रात्रभर हसत होता.

घरी पोचले. बाईंनी कुलपात किल्ली फिरवली. कुलूप उघडलं. दार उघडेना.

कडी आतून लावलेली होती.

नवऱ्यानं पुढे होऊन बेल वाजवली. पाहुणा वाजवतो तशी. एकदाच. आणि वाट बघत उभा राहिला.

बाईंनी सुतार बोलावला. तो शेजारच्या गॅलरीतून आत उतरला, त्यानं कडी काढली. "आत कुणीच नाही हो, ताई," म्हणाला. बाई बाजूला झाल्या. नवरा आधी आत गेला.

मामा थांबले. 

"मग?" भाचीनं हळूच विचारलं.

"मग बाईंनी आत येऊन दार लोटलं, तेव्हा त्यांना दिसलं. दाराच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, दोन पंजे उमटलेले. घामाचे. जीव खाऊन दार दाबून धरल्यासारखे. उजव्या पंज्याचं चौथं बोट अर्धंच. बांधणीवाल्याच्या त्या बोटाचं टोक कागद कापायच्या मशीननं लग्नाआधीच नेलेलं."

"आणि जो आत गेला त्याचं बोट?"

"तो हात खिशातून काढत नाही," मामा म्हणाले. "बाई अजून ते दार पुसत नाहीत."